बंद लिफाफा आणि टीव्हीचा कॅमेरा

समजा, उद्या तुमच्या ऑफिसातून पत्र आलं की यापुढे तुमच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, वागण्याबद्दलही नाही. पण तुमचे वडील एक विशिष्ट वर्तमानपत्र वाचतात आणि बहिणीची राजकीय मतं संशयास्पद आहेत. तुम्ही पुरावा मागता. टेबलावर एक बंद लिफाफा असतो, पण त्यात काय आहे हे तुम्हाला दाखवलं जात नाही. एवढं मात्र कळतं की घरच्यांशी नातं तोडलं तर कदाचित सुटका होईल.

तुम्ही काय कराल?

मिलो रॅडुलोविच या २६ वर्षांच्या अमेरिकन तरुणासमोर १९५३ साली हाच प्रश्न उभा राहिला होता. तो हवाई दलाच्या राखीव दलात लेफ्टनंट होता. मिशिगन राज्यातल्या डेक्स्टर नावाच्या छोट्या गावात बायको आणि दोन लहान मुलांसह राहायचा आणि मिशिगन विद्यापीठात शिकायचा. वडील सर्बियातून अमेरिकेत आलेले. कोळशाच्या खाणीत आणि मोटारींच्या कारखान्यातल्या भट्ट्यांपुढे त्यांचं आयुष्य गेलं. ते आपल्या मायबोलीतलं वर्तमानपत्र मागवायचे. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहून मराठी अंक मागवणाऱ्या घरांना ही सवय वेगळी समजावून सांगायला नको. पण ते वर्तमानपत्र कम्युनिस्टांकडे झुकलेलं आहे असं सरकारी मत होतं आणि मिलोची बहीण डाव्या चळवळीत वावरायची.

हवाई दलाने त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. त्याने नकार दिला. मग सुनावणी झाली, तो बंद लिफाफा तिथेच आला. त्याच्या निष्ठेबद्दल शंका नाही हे मान्य करूनही ‘सुरक्षेला धोका’ असा शिक्का मारून त्याला काढून टाकावं, अशी शिफारस झाली.

डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्रात याची बातमी छापून आली. ती न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या एका टीव्ही पत्रकाराच्या नजरेला पडली. त्यांचं नाव एडवर्ड मर्रो.

भीती कुठून आली होती?

मर्रो यांनी पुढे काय केलं ते पाहण्याआधी त्या काळच्या अमेरिकेची हवा समजून घ्यायला हवी. १९४९ साली सोव्हिएत रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली. त्याच वर्षी चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं. अणुबॉम्बची गुपितं रशियाला पोहोचवणारे हेर खरोखरच पकडले गेले होते. त्यामुळे लोकांची भीती अगदीच बिनबुडाची होती असं म्हणता येणार नाही. पण घाबरलेल्या माणसाला कुणाचंही नाव सांगा, तो पटकन विश्वास ठेवतो.

हे नेमकं ओळखलं विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी. ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी भाषण करताना परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्याकडे आहे, असं त्यांनी जाहीर केलं. किती जणांची? बातमीत आकडा आला २०५. काही दिवसांत तो ५७ झाला, मग ८१. आकडा बदलत राहिला, पण मॅकार्थी मात्र रातोरात देशभर प्रसिद्ध झाले. पुढे सिनेटच्या चौकशी समितीचं अध्यक्षपद मिळाल्यावर ते कुणालाही समोर बोलावून प्रश्नांच्या फैरी झाडू लागले. ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात का?’ या प्रश्नाला उत्तर काहीही द्या, प्रश्न विचारला गेला एवढ्यानेच माणसाची नोकरी जायची.

टीव्ही आणि रेडिओवाल्यांची स्थिती आणखी नाजूक होती, कारण त्यांचं पोट जाहिरातदारांवर अवलंबून. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. तिच्यात रेडिओ-टीव्हीवरच्या १५१ जणांची नावं होती. अभिनेते, लेखक, गायक, निवेदक. कुणी कधीतरी एखाद्या सभेला गेलेला, कुणी एखाद्या पत्रकावर सही केलेली. खटला नाही, निकाल नाही, फक्त पुस्तिकेत नाव. आणि काम बंद. सीबीएस या मोठ्या वाहिनीने तर १९५० च्या डिसेंबरमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांकडून निष्ठेची प्रश्नावलीच भरून घेतली.

मर्रो याच सीबीएसचे. त्यांनीही त्या प्रश्नावलीवर सही केली होती. त्यांच्यावरच्या गौरवलेखांमध्ये ही गोष्ट बहुतेक वेळा वगळतात. मला ती महत्त्वाची वाटते. उभं राहणारी माणसं पहिल्या दिवसापासून ताठच असतात असं नाही.

लंडनच्या गच्चीवरून टीव्हीच्या पडद्यावर

मर्रो यांचा आवाज अमेरिकेच्या घराघरात ओळखीचा होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये लंडनवर जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती तेव्हा गच्चीवर उभं राहून त्यांनी रेडिओवरून वार्तांकन केलं होतं. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यांनी फ्रेड फ्रेंडली या निर्मात्याबरोबर ‘सी इट नाऊ’ हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच भागात अटलांटिक किनाऱ्यावरचा ब्रुकलिन पूल आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचा गोल्डन गेट पूल एकाच वेळी थेट दाखवून त्यांनी लोकांना थक्क केलं. आज आपण व्हिडिओ कॉलवर मुंबई आणि शिकागो एका पडद्यावर बघतो, त्यामुळे त्यातली गंमत कळणार नाही. आपल्याकडे टीव्ही आला तोच १९५९ मध्ये, तोही फक्त दिल्लीत. मुंबईला त्यासाठी १९७२ उजाडावं लागलं. अमेरिकेत मात्र १९५४ पर्यंत निम्म्याहून अधिक घरांत टीव्ही पोहोचला होता.

मिलोची बातमी वाचल्यावर मर्रो यांनी जो वर्शबा या आपल्या तरुण वार्ताहराला मिशिगनला धाडलं. कॅमेऱ्यासमोर मिलो शांतपणे बोलला. माझ्या नातेवाइकांवरून माझी पारख होणार असेल, तर उद्या माझ्या मुलांची पारख बापावर मारलेल्या शिक्क्यावरून होणार का, असा त्याचा सवाल होता. वडिलांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं पत्र मोडक्या इंग्रजीत वाचून दाखवलं. स्वतःसाठी काही नको, माझ्या मुलाला न्याय द्या, एवढंच त्यांचं मागणं. गावातल्या साध्या माणसांनीही कॅमेऱ्यापुढे येऊन मिलोची बाजू घेतली.

प्रक्षेपणाआधी हवाई दलाचे दोन वरिष्ठ अधिकारी मर्रो यांना भेटायला आले. आजवर आपले संबंध चांगले राहिले आहेत, तुम्ही असं काही करणार नाही, असा त्यांचा सूर. धमकी नाही, सगळं गोडीगुलाबीत. आणि सीबीएसने या भागाची जाहिरात करायला नकार दिला. तेव्हा मर्रो आणि फ्रेंडली यांनी स्वतःच्या खिशातून १,५०० डॉलर घालून न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात दिली. तिच्यात सीबीएसचं चिन्हसुद्धा नव्हतं.

२० ऑक्टोबर १९५३ च्या रात्री कार्यक्रम प्रसारित झाला. पाच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला हवाई दलाचे सचिव हॅरोल्ड टॅलबॉट याच कार्यक्रमात दिसले आणि मिलोला परत घेत असल्याचं त्यांनी सांगितलं.

त्या एका लिफाफ्याची गोष्ट इथे मिटली. पण तिचा बोभाटा व्हायचा तो झालाच. मॅकार्थी यांच्या एका माणसाने वर्शबा यांना गाठून काही कागद हातात ठेवले. १९३५ साली मर्रो एका शैक्षणिक संस्थेत काम करत होते आणि त्या संस्थेचा मॉस्कोतल्या उन्हाळी वर्गाशी संबंध होता, अशी ती ‘माहिती’. मिलोचं जे झालं ते तुमचंही होऊ शकतं, हा त्याचा साधा अर्थ.

ज्याचे शब्द त्यालाच ऐकवले

इतके दिवस फ्रेंडली आणि मंडळी मॅकार्थी यांच्या भाषणांची, सुनावण्यांची चित्रफीत जमवत होती. फेब्रुवारी १९५४ मध्ये मॅकार्थी यांनी जनरल झ्विकर या युद्धात नाव कमावलेल्या सेनाधिकाऱ्याला तुम्ही गणवेश घालायच्या लायकीचे नाही, असं सुनावलं. आता थांबण्यात अर्थ नाही असं मर्रो यांना वाटलं.

त्याआधी सगळी टीम एका खोलीत बसली. तुमच्यापैकी कुणाच्या भूतकाळात असं काही आहे का, जे ते आपल्याविरुद्ध वापरतील, असा प्रश्न निघाला. एकाने सांगितलं की आपली घटस्फोटित बायको पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होती. ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं की ज्या दहशतीवर आपण कार्यक्रम करतो आहोत ती याच खोलीत येऊन बसली आहे. कुणाच्या तरी लग्नाचा, तोही मोडलेल्या लग्नाचा हिशेब सहकाऱ्यांपुढे मांडावा लागणं, यापेक्षा त्या काळाचं वेगळं वर्णन काय करायचं?

९ मार्च १९५४, मंगळवार, रात्री साडेदहा. जाहिरातीचे पैसे पुन्हा मर्रो आणि फ्रेंडली यांच्याच खिशातले. सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांनी कार्यक्रम आधी बघितला नाही, पण मॅकार्थी यांना उत्तरासाठी तेवढाच वेळ देऊ करा, असं सुचवलं. मर्रो यांनी सुरुवातीलाच तसं जाहीर केलं.

पुढचा अर्धा तास बहुतेक करून मॅकार्थीच बोलले! मर्रो यांची युक्ती साधी होती. सिनेटरची विधानं त्यांच्याच तोंडून ऐकवायची आणि लगेच वस्तुस्थिती समोर ठेवायची. मॅकार्थी म्हणायचे, माझ्यावर टीका करतात ती डावी वर्तमानपत्रं. मर्रो यांनी टेबलावर वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे ठेवले, एक विरोधातला, एक बाजूचा, आणि प्रतिष्ठित, पुराणमतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पत्रांतली टीका वाचून दाखवली.

मग आले रीड हॅरिस. हे परराष्ट्र खात्यातले अधिकारी. त्यांनी १९३२ साली, कॉलेज नुकतंच सुटलेलं असताना कॉलेजातल्या फुटबॉलच्या वेडावर टीका करणारं पुस्तक लिहिलं होतं. वीस वर्षांनी मॅकार्थी त्यातली वाक्यं वाचून त्यांना जाब विचारत होते. तेव्हा त्यांच्या बाजूने वकील देणाऱ्या नागरी हक्क संघटनेला मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांची आघाडी ठरवलं. मर्रो यांनी सांगितलं की सरकारच्या यादीत ही संघटना नाहीच, उलट ट्रुमन, आयसेनहॉवर, मॅकार्थर यांनी तिला प्रशंसेची पत्रं दिली आहेत. हॅरिस यांच्या चौकशीतून काय सिद्ध झालं? त्यांनी एकदा एक वाईट पुस्तक लिहिलं होतं, आणि ते विकत न घेऊन अमेरिकन जनतेने तो निकाल बावीस वर्षांपूर्वीच दिला होता, असा मर्रो यांचा टोला.

शेवटी ते थेट कॅमेऱ्यात बघून बोलले. मतभेद म्हणजे देशद्रोह नव्हे. आरोप म्हणजे पुरावा नव्हे. आणि सगळ्यात टोचणारं वाक्य मॅकार्थी यांच्याबद्दल नव्हतंच, प्रेक्षकांबद्दल होतं. ही भीतीची परिस्थिती त्या सिनेटरने निर्माण केलेली नाही, त्याने फक्त तिचा फायदा उठवला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे भीती तुमच्या-आमच्याकडे आधीपासून होती. मला तरी त्या अर्ध्या तासातली सगळ्यात धाडसाची गोष्ट हीच वाटते. सत्ताधाऱ्यावर टीका करणारे निघतात. आपल्याच प्रेक्षकाला आरसा दाखवणारे कमी.

हजारो तारा, पत्रं, फोन आले. मर्रो यांच्या बाजूने पंधरा तर विरोधात एक, असं त्यांचं प्रमाण होतं.

काही समीक्षकांना मात्र हे खटकलं, आणि ते मॅकार्थींचे चाहते नव्हते. निवडक चित्रफिती जोडून माणूस उभा करायचा हे हत्यार उद्या चुकीच्या हातात गेलं तर, असं त्यांनी विचारलं. कापून जोडलेल्या क्लिप्स दिवसाला डझनभर बघणाऱ्या आपल्याला ही शंका हसण्यावारी नेता येणार नाही.

रिकामी खुर्ची

पुढच्याच आठवड्यात, १६ मार्चला, मर्रो यांनी ऍनी ली मॉस यांची सुनावणी दाखवली. त्या कृष्णवर्णीय, मध्यमवयीन, पूर्वी कॅन्टीनमध्ये काम केलेल्या आणि आता लष्कराच्या संदेश विभागात कारकून. कार्ल मार्क्सबद्दल विचारल्यावर ‘तो कोण?’ असं म्हणणाऱ्या. मॅकार्थी सुनावणी अर्ध्यात सोडून गेले आणि कॅमेरा त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर वळला. समितीचे वकील रॉय कोन गुप्त खबऱ्याचा हवाला देऊ लागले तेव्हा सिनेटर मॅक्लेलन यांनी त्यांना सर्वांसमोर फटकारलं. ऐकीव गोष्टींवर बाईंना दोषी ठरवू नका, असं त्यांचं म्हणणं. सभागृहात टाळ्या वाजल्या.

पुढे १९५८ मध्ये एका सरकारी मंडळाने पक्षाच्या जुन्या नोंदींत त्यांचं नाव-पत्ता असल्याचं म्हटलं. त्यामुळे त्या टाळ्या चुकीच्या ठरतात का? मला तसं वाटत नाही. मर्रो यांनी बाई निर्दोष आहेत असा दावा केलाच नव्हता. आरोप करणारा कोण आणि पुरावा काय, हे आरोपीला कळायला हवं, एवढंच ते म्हणत होते.

६ एप्रिलला मॅकार्थी यांनी उत्तर दिलं. त्या चित्रीकरणाचं बिल सीबीएसनेच भरलं. मुद्द्यांना उत्तर देण्याऐवजी त्यांनी मर्रो यांनाच कोल्ह्यांच्या टोळीचा म्होरक्या ठरवलं. त्यानंतर लगेच लष्कर आणि मॅकार्थी यांच्यातल्या वादाची चौकशी सुरू झाली आणि काही वाहिन्यांनी ती थेट दाखवली. लोकांनी आठवड्यामागून आठवडे मॅकार्थी यांना घरबसल्या पाहिलं. ९ जूनला लष्कराचे वकील जोसेफ वेल्च यांनी त्यांना जनाची नाही, मनाची तरी चाड आहे का, या अर्थाचा सवाल केला. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. १९५७ मध्ये, अवघ्या ४८ व्या वर्षी ते वारले.

एकट्या टीव्ही कार्यक्रमाने मॅकार्थींना खाली खेचलं असं मात्र समजू नका. मार्गारेट चेस स्मिथ या महिला सिनेटरने १९५० च्या जूनमध्येच, म्हणजे चार वर्षं आधी, आपल्याच पक्षाच्या या माणसाविरुद्ध सिनेटमध्ये भाषण केलं होतं. ९ मार्चच्याच दिवशी सिनेटर फ्लँडर्स यांनीही त्यांच्यावर टीका केली होती. मर्रो उशिरा आले, पण आले तेव्हा आपलं नाव, नोकरी आणि सगळा प्रेक्षकवर्ग पणाला लावून आले.

किंमत

सिनेमात इथे टाळ्या वाजून पडदा पडतो. प्रत्यक्षात बिल नंतर आलं.

९ मार्चला मर्रो यांचा कार्यक्रम संपताच रात्री अकराच्या बातम्या द्यायला डॉन हॉलनबेक बसले. मर्रो जे म्हणाले त्याच्या शब्दाशब्दाशी मी सहमत आहे, असं त्यांनी पडद्यावरून सांगून टाकलं. एका वृत्तपत्राचा टीव्ही-स्तंभलेखक आधीपासून त्यांच्या मागे लागला होता, आता त्याने पिच्छाच पुरवला. हॉलनबेक तब्येतीने आणि घरच्या आयुष्यातही खचलेले होते. २२ जून १९५४ रोजी त्यांनी आपलं जीवन संपवलं.

‘सी इट नाऊ’चा प्रायोजक होता अल्कोआ ही ऍल्युमिनियम कंपनी. वादळात ती ठाम राहिली, पण १९५५ मध्ये तिने हात काढून घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये मर्रो यांच्या कार्यक्रमाच्या अगदी आधीच्या वेळेत ‘६४,००० डॉलर क्वेश्चन’ ही प्रश्नमंजूषा सुरू झाली आणि तुफान चालली. बक्षिसाच्या प्रश्नांवर एवढे प्रेक्षक मिळत असतील तर त्या वेळेत गंभीर कार्यक्रम कशाला ठेवायचा? ‘सी इट नाऊ’ची आठवड्याची जागा गेली, तो अधूनमधून दिसू लागला आणि १९५८ मध्ये बंद झाला. वादग्रस्त विषयांमुळे होणारी ही पोटदुखी आता नको, असं पेली म्हणाल्याचं फ्रेंडली सांगत. मर्रो यांना बंदी किंवा अटक काही झालं नाही. फक्त त्यांची वेळ काढून घेतली गेली.

त्याच ऑक्टोबरमध्ये मर्रो यांनी ‘स्मॉल वर्ल्ड’ नावाचा नवा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या भागात दिल्लीहून जवाहरलाल नेहरू बोलले होते. तीनच दिवसांनी शिकागोत रेडिओ-टीव्हीच्या संपादकांसमोर भाषण करताना मात्र त्यांनी आपल्याच धंद्याची हजेरी घेतली. टीव्ही शिकवू शकतो, जागं करू शकतो, पण माणसांनी तसा वापरला तरच. नाहीतर तो तारा आणि दिवे भरलेला नुसता खोका, असं त्यांचं सांगणं. मालकांना ते आवडलं नाही.

१९६१ मध्ये सीबीएस सोडून मर्रो राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सरकारात माहिती विभागाचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी एका जुन्या माणसाला परत कामावर बोलावलं. रीड हॅरिस! चौकशीनंतर १९५३ मध्ये राजीनामा देऊन गेलेले, ‘वाईट पुस्तक’ लिहिणारे. मर्रो यांच्या हातात पडद्यावर कायम सिगारेट असायची. तिनेच त्यांचा घात केला. १९६५ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले.

हे सगळं तुम्हाला बघायचं असेल तर जॉर्ज क्लूनी यांनी २००५ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘गुड नाइट, अँड गुड लक’ हा कृष्णधवल चित्रपट आहे. कार्यक्रम संपवताना मर्रो हेच शब्द म्हणायचे. त्यात मॅकार्थी यांच्या भूमिकेत कुणी नट नाही, त्यांची मूळ चित्रफीतच वापरली आहे. चाचणीसाठी बोलावलेल्या काही प्रेक्षकांनी तक्रार केली की मॅकार्थींचं काम करणारा नट फारच अतिरेकी अभिनय करतो, असा किस्सा क्लूनी सांगतात.

मिलोही त्यात मूळ चित्रफितीतूनच दिसतो, विशीतला, शांत आवाजात बोलणारा. पुढे त्याने सरकारी हवामान खात्यातच नोकरी केली. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला. वडिलांशी किंवा बहिणीशी त्याने नातं तोडलं नव्हतं.